फोनची बॅटरी आता आपल्या घरात आली, हे सांगणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीज गेल्याची बातमी आपण छापता, तेव्हा किती घरं अंधारात होती आणि किती तासांनी पुरवठा सुरळीत झाला, हे त्यात असतं. त्या घरांतले किती फोन बंद पडले होते, हे कधीच नसतं. ते यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं बॅटरी रूममध्ये गेली. २ व्होल्टचा एक असे २४ सेल ओळीने जोडलेले, मिळून ४८ व्होल्ट. हायड्रोमीटर बुडवून ॲसिडची घनता बघायची, वहीत मांडायची, पातळी उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. तारा गंजू नयेत म्हणून पॉझिटिव्ह टोक जमिनीला जोडलेलं असायचं. हीच वीज तांब्याच्या तारेतून लोकांच्या घरच्या फोनपर्यंत जायची. रिसीव्हर उचलला की तारेतून जेमतेम २०-४० मिलिअँपिअर करंट वाहायचा आणि डायल टोन यायचा, मग बाहेर कितीही अंधार असो. बॅटऱ्या उतरायला लागल्या, तर मागे जनरेटर होता. म्हणजे फोनला बॅटरी तेव्हाही लागायचीच. ती आम्ही सांभाळायचो, इतकंच. घरच्यांना तिचा पत्ताही नसायचा.

फायबर आलं आणि हे सगळं बदललं. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरात भिंतीवर जो डबा लावतात, तो घरच्याच प्लगवर चालतो. लाइट गेली की डबा बंद, वायफाय बंद आणि त्याला जोडलेला फोनही बंद. एक्स्चेंजची बॅटरी आता प्रत्येकाच्या घरी हवी आहे, पण जोडणी करायला येणारा माणूस हे सांगत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला हे कळलं ते एका वादळी रात्री. ताई ८१ वर्षांची, एकटी राहते. जुनी लाइन काढून फायबर दिलं, नंबर तोच राहिला, म्हणून तिच्या लेखी फोनही तोच. त्या रात्री लाइट गेली, तिला गरगरायला लागलं, ती चाचपडत फोनपाशी गेली. फोनमध्ये काही आवाजच नाही. मोबाइल संध्याकाळीच उतरला होता. उजाडून शेजारीण येईपर्यंत ती खुर्चीत बसून होती. मी पोहोचलो तेव्हा पहिलं वाक्य म्हणाली, ‘‘अरे, लाइट गेली तरी फोन चालतो, असं तूच सांगायचास ना?’’ मीच सांगायचो. जन्मभर सांगत आलो होतो.

चीड येते ती यासाठी, की उपाय अगदी हाताशी आहे. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या बहुतेक फायबर जोडण्यांमध्ये वाटेत वीज लागणारं काहीच नसतं. एका तंतूचा प्रकाश अनेक घरांत वाटणारे स्प्लिटर विजेविना चालतात, आणि एक्स्चेंजच्या टोकाला आजही बॅटऱ्या असतात. म्हणजे लाइन जिवंतच असते, उपाशी असतो तो फक्त घरातला डबा. ताईच्या डब्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असं लिहिलेलं आहे, म्हणजे जास्तीत जास्त १८ वॉट. मीटर लावून मोजलं तर तो १० वॉटच्या आसपासच खातो. एखाद्या एलईडी दिव्याइतकं.

म्हणून राउटरसाठी मिळतो तो छोटा डीसी यूपीएस घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत १०,००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास. १२ व्होल्टने गुणलं तर १२० वॉट-तास होतात, म्हणजे १२ तास फोन चालेल असं कोणालाही वाटेल. पण आतले लिथियम सेल ३.७ व्होल्टचे असतात आणि तो आकडा त्या ३.७ व्होल्टवरचा असतो. खरा हिशेब ३७ वॉट-तास. व्होल्टेज चढवताना काही वाया जातं. हातात राहतात ३ तास. माल चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण खोक्यावर वॉट-तास छापायला काय हरकत आहे? वीजबिलावर युनिट वाचणाऱ्या माणसाला ते लगेच समजेल.

यूपीएस लावला, मेन स्विच बंद करून पाहिला. डब्यावरचे दिवे लागलेले, वायफाय चालू, आणि फोन तरीही बंद! कारण ताईचा फोन कॉर्डलेस. त्याच्या तळाच्या स्टँडला स्वतःची वीज लागते. आयुष्य टेलिफोनमध्ये काढलेल्या माझ्याही हे आधी लक्षात आलं नव्हतं, मग इतरांचं काय? घरी कपाटाच्या तळाशी ठेवलेला वायरचा साधा फोन आणून डब्यात खोचला, तेव्हा डायल टोन आला.

ज्यांच्याकडे मोठा इन्व्हर्टर आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. डबा बहुतेक वेळा दाराजवळच्या ज्या प्लगवर सोय झाली तिथे लावलेला असतो, आणि तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर असतोच असं नाही. पिनचंही बघावं लागतं. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या पिनांचं आतलं भोक २.१ मिलिमीटर असतं किंवा २.५. मोठ्या भोकाची चुकीची पिन बसते, पण धक्का लागला की संपर्क तुटतो. ९ व्होल्ट की १२, तेही लेबलावर वाचूनच जोडावं.

‘आता सगळ्यांकडे मोबाइल असतो,’ असं यावर मला ऐकवलं जातं. टॉवरलाही बॅटरीच असते, आणि ती काही तासांपुरती. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एकाच वेळी वीज गेली, तेव्हा टॉवरच्या बॅटऱ्या संपत गेल्या तसतसं मोबाइल नेटवर्कही गळत गेलं. अशा वेळी घरचं वायफाय चालू असेल तर वायफाय कॉलिंगने त्याच मोबाइलवरून फोन लागू शकतो. दोन्ही एकमेकांना आधार आहेत.

इतर ठिकाणी यावर नियामकांनी विचार केलेला आहे. अमेरिकेच्या एफसीसीने २०१५ मध्ये ठरवलं, की घरी येऊन वीज मागणारी फोनसेवा देणाऱ्याने ग्राहकाला आधी तसं सांगावं आणि ८ तासांच्या बॅकअपचा पर्याय विकत द्यावा. तीन वर्षांत २४ तासांचाही. तो नियम सप्टेंबर २०२५ मध्ये संपला. ब्रिटनच्या ऑफकॉमने २०१८ मध्ये सांगितलं, की लँडलाइनवरच अवलंबून असलेल्यांना वीज गेल्यावर किमान १ तास तरी आपत्कालीन फोन लावता आला पाहिजे, तोही मोफत. १ तास मला फारच कमी वाटतो. ताई त्या रात्री सहा तास बसून होती. पण निदान जबाबदारी कोणाची, हे तरी तिथे लिहिलं गेलं.

माझी मागणी मोठी नाही. फायबर जोडताना ‘लाइट गेल्यावर हा फोन बंद पडेल’ हे वाक्य ग्राहकाच्या भाषेत त्या डब्यावरच चिकटवावं. एकटं राहणाऱ्या वृद्धांच्या आणि आजारी माणसांच्या घरी जोडणीबरोबरच बॅकअप आणि वायरचा फोन द्यावा. आणि पुढच्या वेळी वीज गेल्याची बातमी छापताना किती घरांचे फोन बंद होते, हे आपल्या वार्ताहराने सेवा देणाऱ्यांना विचारावं, ही आपल्याला विनंती.

आपला,
टेलिफोन एक्स्चेंजमधील एक निवृत्त तंत्रज्ञ