प्रमाणपत्र तारेचे, भरवसा स्प्रिंगचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंबड औद्योगिक वसाहतीत गेली एकोणीस वर्षे मी स्प्रिंगा बनवण्याचा छोटा कारखाना चालवतो. सातपूर-सिन्नरच्या वाहनांचे सुटे भाग करणाऱ्यांपासून निफाड-पिंपळगावकडच्या फवारणी यंत्रे बनवणाऱ्यांपर्यंत आमचा माल जातो, आणि चलनासोबत ‘टेस्ट सर्टिफिकेट’ नसेल तर तो कोणी उतरवून घेत नाही. कागद मागितला जातो हे योग्यच आहे. मात्र तो बहुतेक वेळा तारेचा असतो आणि भरवसा ठेवला जातो स्प्रिंगवर. तारेची स्प्रिंग होईपर्यंत मध्ये जे काही घडते त्याची तपासणी आम्हा छोट्या कारखानदारांत फारच थोडे जण करतात. मीही त्या थोड्यांत नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर द्राक्षबागांच्या फवारणी पंपांसाठी दाब-नियंत्रक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचे काम माझ्याकडे आले. तार २ मिलिमीटरची होती, आणि तिच्या प्रमाणपत्रातील ताणशक्ती, म्हणजे तुटण्यापूर्वी तार सोसते तो ताण, सुमारे १८०० मेगापास्कल, म्हणजे मानकाच्या मर्यादेत होती. गंज लागू नये म्हणून गिऱ्हाइकाने झिंक प्लेटिंग, म्हणजे वरून जस्ताचा पातळ थर, मागितले होते. प्लेटिंग होऊन आलेल्या लखलखीत स्प्रिंगांपैकी काही नग आम्ही ठरलेल्या उंचीपर्यंत दाबून भार मोजला, तो नकाशाप्रमाणे भरला आणि माल रवाना झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, की जोडून ठेवलेल्या, एकदाही न चालवलेल्या व्हॉल्व्हमधील दहा-बारा स्प्रिंगा रात्रीतून तुटल्या आहेत. तुकडे आणून भिंगाखाली पाहिले. तुटलेला भाग दाणेदार होता, खडीसाखरेचा खडा फोडल्यासारखा, आणि तार कुठेही ओढली गेल्याची खूण नव्हती.

या धंद्यातील जाणत्यांना कारण लगेच कळेल. प्लेटिंगपूर्वी माल ॲसिडमध्ये बुडवताना आणि नंतर प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो आणि त्यातला काही पोलादात शिरतो. बांधकामाच्या मऊ पोलादाला त्याने सहसा काही होत नाही. पण स्प्रिंगच्या तारेइतके कडक पोलाद त्यामुळे ठिसूळ बनते आणि सतत ताणाखाली राहिले की काही तासांनी किंवा काही दिवसांनी अचानक तुटते. उपाय जुनाच आहे. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल भट्टीत घालून साधारण २०० अंश सेल्सिअसवर काही तास तापवायचा, म्हणजे आत अडकलेला हायड्रोजन बऱ्याच अंशी निघून जातो. आमच्या मालाचे हे तापवणे झालेच नव्हते. ‘चलनावर लिहिले नव्हते,’ असे प्लेटिंगवाल्याने सांगितले. ते खरे होते, मी फक्त थराची जाडी लिहिली होती. पण रोज स्प्रिंगा हाताळणाऱ्याला ते सांगावे लागू नये असे मला आजही वाटते.

या प्रकरणात तारेचे प्रमाणपत्र खोटे नव्हते. ते अशा दोषाबद्दल काही सांगूच शकत नव्हते, कारण ते तार वळण्याआधीचे होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आम्ही प्लेटिंग झालेला नग प्रयोगशाळेत पाठवून यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढून-दाबून त्याची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दाबून किंवा ओढून घेतला असता तरी तो बहुधा पास झाला असता. ती परीक्षा दोन-चार मिनिटांत संपते आणि हायड्रोजनला हवा असतो वेळ. त्यासाठी स्प्रिंगा दाबून तशाच एक-दोन दिवस ठेवाव्या लागतात. कोणती परीक्षा कोणता दोष पकडते, हे कळल्याशिवाय नुसता ‘टेस्टेड’ हा शिक्का निरर्थक आहे.

खरेदी विभागांनी आणखी एक गोष्ट पाहावी. प्रयोगशाळेच्या अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की निष्कर्ष केवळ तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत. ती ओळ वाचणारा गिऱ्हाईक मला क्वचितच भेटला. नमुना कोणी काढला, कोणत्या लॉटमधून काढला, उष्णता प्रक्रियेच्या आधी की नंतर, हे विचारले जात नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यताही अमुक परीक्षेसाठी, अमुक मर्यादेपर्यंत अशी दिलेली असते. कठीणपणा मोजण्यास मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला स्प्रिंगच्या फटीग परीक्षेसाठीही (पुन्हा पुन्हा दाबून ती किती टिकते हे पाहण्यासाठीही) ती असेलच असे नाही.

यंत्राच्या क्षमतेचाही विचार हवा. आमची २ मिलिमीटरची तार साधारण पावणेसहाशे किलोच्या भाराला तुटते. ती चाळीस टनांच्या जुन्या यूटीएमवर सर्वांत मोठ्या श्रेणीत लावणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलणे. स्प्रिंगसाठी भारापेक्षा मापे अधिक छळतात. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, म्हणजे २ मिलिमीटरऐवजी २.०२ ची तार आली तर तो चार टक्क्यांनी वाढतो. उलट वेटोळ्याचा सरासरी व्यास एक टक्का वाढला तर ताठपणा तीन टक्क्यांनी घटतो. मायक्रोमीटर नीट न धरणाऱ्या पोराच्या हातात ही तपासणी सोपवून आपण महागड्या यंत्राच्या आकड्यावर विसंबतो, याचे मला नवल वाटते.

आता मुद्द्याची विनंती. मोठ्या कारखान्यांकडे स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत. अडचण दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्यांची आहे. आपल्या शहरातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्याकडे यूटीएम, कठीणपणा मोजणारी रॉकवेल व ब्रिनेल आणि आघात सोसण्याची ताकद मोजणारी शार्पी अशी यंत्रे आहेत. प्रात्यक्षिकाच्या तासांना मुले त्याच मऊ पोलादाच्या सळया तोडतात आणि ठरावीक आलेख वहीत उतरवतात. एरवी ती यंत्रे झाकलेली असतात. आठवड्यातून दोन दुपारी माफक शुल्क घेऊन ती आम्हाला खुली केली, तर आमचे नमुने तपासले जातील आणि मुलांना खऱ्या बिघाडाचे तुकडे हाताळता येतील. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी पुढाकार घेतला तर हे अवघड नाही. यंत्रांचे अंशशोधन (कॅलिब्रेशन) वर्षाच्या वर्षी व्हावे, एवढी अट मात्र हवी. नाहीतर आणखी एक शिक्का तेवढा वाढेल.

माझ्यापुरता मी बदल केला आहे. प्लेटिंगच्या चलनावर आता तापमान, तास आणि ‘चार तासांच्या आत’ हे लाल शाईने लिहिले जाते. प्रत्येक लॉटमधील वीस स्प्रिंगा लांब बोल्टवर वॉशर-नट लावून, व्हॉल्व्हमध्ये असतात तितक्या दाबून ४८ तास भिंतीला टांगलेल्या असतात, आणि त्या उतरल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. सारा खर्च नटबोल्टचा आहे. आमच्यातल्या कोणाला तो जुगाड पाहायचा असेल, त्याने कामाच्या वेळेत अवश्य यावे.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक,
अंबड, नाशिक