बांधावरचा अडुळसा आणि बाटलीतलं औषध

मा. संपादक,

खोकल्याची साथ चालूच आहे, आमच्या सोसायटीत तर घरटी एक बाटली उघडलेली. परवा केमिस्टकडे लाईनीत उभा असताना सहज लेबल वाचलं, ब्रोमहेक्झिन. आता हे कुठून आलं म्हणाल तर आपल्या अडुळशातून! त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं, त्याची रचना बघून हे औषध बनवलं आणि अॅम्ब्रॉक्सॉल हे कफाचं दुसरं औषध म्हणजे तेच ब्रोमहेक्झिन शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं ते. दोन्हींचं काम एकच, चिकट कफ पातळ करणं, म्हणजे तो सुटून बाहेर पडतो.

आमची आजी पानं तव्यावर गरम करून पिळायची, कारण कच्च्या पानातून रस काही निघत नाही, मग चमचाभर रसात मध, तरी कडू ते कडूच. बांधावर हा लावायचे कारण बकरीसुद्धा तोंड लावत नाही 😄

पण एक सांगायचंय, हल्ली व्हॉट्सअॅपवर "नैसर्गिक आहे, कुणीही घ्या" असे मेसेज फिरतात ते बरोबर नाही. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं, त्यामुळे गरोदर बायकांनी अडुळसा अजिबात घेऊ नये. आणि दोन-तीन आठवडे खोकला जात नसेल किंवा रक्त पडत असेल तर काढे उकळत बसू नका, थुंकीची टीबी टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते. तुमच्या आरोग्य पुरवणीत हे जरा ठळक छापाल का?

– एक वाचक, सातारा