डाव्या पायाबद्दल

नेरूळ, रविवार रात्र

चि. सोनू,

तू झोपली आहेस. बूट बाल्कनीत ठेवलेत, मोजे बॅगेतच होते ते धुऊन टाकले.

आज फुटबॉल मॅचमध्ये सेकंड हाफला बॉल डाव्या कडेला तुझ्याकडे आला तेव्हा समोर कुणी नव्हतं. तू डावा पाय उचललाही होतास. तेवढ्यात लाइनीबाहेरून मी ओरडलो, "उजव्याने, उजव्याने!" तू थबकलीस, बॉल उजव्यावर घ्यायला गेलीस आणि त्यांची डिफेंडर पोचली. रिक्षात तू म्हणालीस, "माझा डावा पायच बेकार आहे." मी गप्प बसलो. तो बॉल माझ्या ओरडण्यामुळे गेला, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

दोन महिने तुला भिंतीपाशी प्रॅक्टिस करताना बघतोय. डावा पाय चांगला फिरतो गं. अडतं ते उजव्याचं. जन्मभर तो मारत आला, दुसऱ्यासाठी टेकून उभं राहायची वेळच त्याच्यावर आली नाही. डाव्याने मारताना तो बॉलच्या मागेच राहतो, गुडघा ताठ. मग तू मागे रेलतेस आणि बॉल वर उडतो. उजवं पाऊल बॉलच्या शेजारी पडू दे, वीतभर अंतरावर, चवडा जिकडे पास द्यायचा तिकडे, गुडघा किंचित वाकलेला. डाव्याचा घोटा घट्ट. जोराचं नंतर बघू. दात घासताना रोज उजव्या पायावर उभी राहत जा.

भजनी मंडळात पखवाज शिकायला बसलो तेव्हा माझा उजवा हात पळायचा आणि धुम्यावरचा, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूवरचा, डावा नुसता आपटायचा. बुवांनी महिनाभर उजवा हात मांडीवर ठेवायला लावला. फक्त डावा, तोही संथ, ठाय लयीत. माझ्या मागून आलेली पोरं अभंगाला साथ करायला लागली होती, मला लाज वाटायची. महिन्याने दोन्ही हात एकत्र टाकले तेव्हा पहिल्यांदा पखवाज भरून वाजला. तो आवाज अजून कानात आहे.

तू डाव्याची प्रॅक्टिस शेवटी करतेस, दमल्यावर. दमलेला पाय वाकडीच सवय धरतो. सुरुवातीलाच 10 मिनिटं दे. भिंतीपासून पाच पावलं, डाव्यानेच थांबवायचा, डाव्यानेच द्यायचा. सलग दहा नीट गेले की एक पाऊल मागे. गुडघ्याखालच्या हाडापाशी दुखलं तर लपवू नकोस, वाढत्या वयात तिथे त्रास होतो. त्या दिवशी थांबायचं.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये डी. वाय. पाटीलला आपण 17 वर्षांखालील मुलींची वर्ल्ड कप फायनल बघितली होती, स्पेन आणि कोलंबियाची. तू विचारलं होतंस, "बाबा, यांचा उजवा पाय कुठला?" दोन्ही पाय सारखेच चालत होते; इतकी छान गोष्ट मला त्या दिवशी दिसलीच नव्हती. तुझा तो आवडता, कोरियाचा सॉन ह्युंग-मिन मुळात उजव्या पायाचा, आणि 2021-22 च्या प्रीमियर लीगमधल्या त्याच्या 23 गोलांपैकी 12 डाव्या पायाचे आहेत. एकही पेनल्टी नाही. त्याचे वडील स्वतः फुटबॉलपटू; लहानपणापासून त्यांनी त्याचे दोन्ही पाय घडवले. मला खेळातलं तेवढं येत नाही, पण भिंतीवरून सुटलेला बॉल आणून द्यायला मी रोज येईन.

पुढच्या रविवारी डावीकडे बॉल आला तर डाव्यानेच मार. बाहेर गेला तर जाऊ दे. सर बाहेर बसवतील असं वाटत असेल, तर त्यांच्याशी मी आधीच बोलून घेतो. लाइनीवर मी तोंडातून शब्द काढणार नाही.

सकाळी सहाला उठवतो. मोजे वाळले नसतील तर माझे घाल.

तुझा,
बाबा