हॅलेच्या धूमकेतूची उजळणी आणि उल्कानिरीक्षण

सर्व सभासदांना नमस्कार.

२१ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे २२ च्या पहाटे १ वाजता, उल्का पाहायला नेहमीच्या निरीक्षणाच्या मैदानावर जमायचे आहे. मृग नक्षत्राच्या दिशेकडून येणाऱ्या या उल्का म्हणजे हॅलेच्या धूमकेतूने मागे टाकलेली धूळच. धूमकेतू स्वतः २०६१ च्या जुलैत सूर्याजवळ येईल. तोवर धुळीवर समाधान!

त्याआधी २० तारखेला सायंकाळी ६ वाजता वर्गखोलीत अभ्यासबैठक आहे. तिघांनी विषय घेतले आहेत: या धूमकेतूची इ.स.पू. २४० ची चिनी नोंद, इ.स.पू. १६४ च्या बाबिलोनी मातीच्या पाट्या आणि १९८६ मध्ये धूमकेतूजवळून गेलेले जोत्तो यान. १७५९ चे पुनरागमन अजून कोणी घेतलेले नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत रंगतदार भाग. १५३१, १६०७ आणि १६८२ चे धूमकेतू एकच, हे खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलेने ओळखले. पण धूमकेतू परत येताना पाहायला हॅले हयात नव्हता. क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या फ्रेंच अभ्यासकांनी धूमकेतू कधी परतेल हे काढायला गुरू-शनीच्या ओढीचा हिशेब हाताने केला आणि चूक झाली फक्त महिनाभराची. इच्छुकांनी १५ तारखेपर्यंत कळवावे.

मैदानावर येताना:
- विजेरीला लाल कागद लावा. मोबाइल बंद.
- चटई, पांघरूण, वही-पेन्सिल आणा. दुर्बीण नको, उल्का नुसत्या डोळ्यांनीच पाहायच्या.
- प्रत्येक उल्केची वेळ लिहा. मोजणी अंदाजाने करू नये. मागच्या खेपेला दोन वह्या त्यामुळेच बाद कराव्या लागल्या.

ढग असल्यास रात्री १० पर्यंत गटावर कळवू.