तयार प्रश्नावली आणि पूर्वभागातल्या आजी

सोलापूर

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. वृद्धांची हालचाल मोजायला जगभर वापरलेली प्रश्नावली तयार असताना नुसतं भाषांतर करून मोकळे का होत नाही, असं तू विचारलंस.

‘पेस’ ही प्रश्नावली 1993 साली अमेरिकेत 65 वर्षांपुढच्यांसाठी आली. मागच्या 7 दिवसांत काय काय केलंत हे ती विचारते आणि कामागणिक गुण देते. हिरवळीची, अंगणाची निगा राखली तर 36, दुसऱ्या कुणाची शुश्रूषा केली तर 35. बसून, हात जेमतेम हलवत करायच्या नोकरीला मात्र शून्य.

आता आमच्या पूर्वभागातल्या, म्हणजे सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्तीतल्या, आजी बघ. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. त्यात दम लागत नाही, त्या शून्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वळलेला माल कारखान्यात चालत नेऊन द्यायचा, येताना पानं-तंबाखूचं ओझं आणायचं, हेही त्याच कामाच्या पोटात आहे. ‘काम बसूनच ना?’ एवढ्यावर थांबलं की ते चालणं गेलंच! म्हणून ते आम्ही वेगळं विचारतो. हिरवळ काढली, पाणी भरणं आणि हाताने धुणं घातलं. मात्र प्रश्न बदलले की मूळ गुण जसेच्या तसे लावता येत नाहीत. लोक बिनदिक्कत लावतात, त्याचा मला राग येतो.

‘मागच्या 7 दिवसांत’ म्हटलं की आजी गप्प. मंगळवारचा बाजार, एकादशी अशी खूण धरून विचारलं की भराभर सांगतात.

मग खरी तपासणी. उत्तरं तशीच येतात का हे बघायला तेच प्रश्न थोड्या दिवसांनी पुन्हा विचारायचे. फार लांबवायचं नाही, कारण इथलं ऊन चढलं की माणसांचं बाहेर पडणंच बदलतं. शिवाय कमरेला अॅक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल मोजणारा छोटा सेन्सर. तो चालणं टिपतो, पण बसून भाकऱ्या थापणारे हात त्याला कळत नाहीत. तेव्हा आकडे जुळले नाहीत म्हणून आजींचंच चुकलं, असं धरता येत नाही. तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी प्रश्नावली वेगळी, तिची तपासणीही वेगळी.

वेळ जातो, जाऊ दे. जागतिक आरोग्य संघटना 2020 च्या सूचनांत वृद्धांना आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम श्रम सांगते, आणि तोल व ताकदीचे व्यायाम निदान 3 दिवस. उत्तरंच कच्ची घेतली तर दिवसभर राबणाऱ्या बाईला आपण ‘चालत जा’ सांगून परत पाठवू आणि मांडी घालून आखडलेल्या तिच्या पायांकडे कुणी बघणारही नाही.

दिवाळीला आलास की काकूंनाही हे प्रश्न विचारायचेत. त्यांना आधी काही सांगू नकोस.

तुझा,
वैभव