मिस्त्री, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही टेम्पोत सामान भरून गेलात त्या दिवशी मी नेमकी जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते. परत आले तर अंगण झाडून लख्ख आणि तुमच्या शेड उठलेल्या. मनाला लागलं. म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण तुमचं बांधकाम चालू होतं त्या वर्षात आमच्या तहसील कचेरीत उताऱ्याला, दाखल्याला ज्यांनी हेलपाटे घातले, त्यांना मी कोणाबद्दल लिहिते हे लगेच कळेल.

डिसेंबर २०२३ मध्ये तुम्ही आलात तेव्हा खरं सांगायचं तर मला धडकीच भरली होती. आमची कचेरी ब्रिटिशांच्या वेळची. चुन्यातल्या दगडी भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. तिच्या मागच्या अंगाला नवी दुमजली इमारत जोडायची, जुनीचं छप्पर बदलायचं, आणि कचेरी मात्र एक दिवसही बंद ठेवायची नाही. अभिलेख कक्ष माझ्या ताब्यात. तोच हिवाळा कुणबी नोंदींचा. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम जोरात होतं, १९६७ च्या आधीचा एकेक कागद उलगडून पाहायचा होता. मोडी वाचणारे दिवसभर माझ्या टेबलाशी, दाराबाहेर पणजोबाचं नाव शोधत आलेली माणसं, कपाटं भरून दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे. त्यात ब्रेकरचा दणदणाट आणि सिमेंटची धूळ येणार म्हटल्यावर माझी झोप उडाली होती.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही दारात उभं राहून विचारलंत, "बाई, गर्दी कुठल्या दिवशी जास्त असते?" मी म्हटलं, मंगळवारी, बाजार असतो. तुम्ही आपल्या माणसांची रविवारची सुट्टी उचलून मंगळवारी टाकलीत. आमची कचेरी पाच दिवसांची, म्हणून तोडफोड सगळी शनिवार-रविवारी. बाकीच्या दिवशी ब्रेकर पावणेदहाच्या आत, नाहीतर सव्वासहानंतर. तुम्हाला हे कोणी लिहून दिलं नव्हतं. उलट त्यापायी तुमचे दिवस लांबले, अंधारात काम करावं लागलं, हे मी पाहत होते.

आणि ती फक्कीची रेघ! खोदाई जशी सरकेल तसा आत यायचा रस्ता रोज बदलायचा. काल जिथून आलो तिथे आज खड्डा. सकाळी साडेनऊला तुम्ही घमेल्यात फक्की घेऊन फाटकापासून खिडकीपर्यंत वाकून रेघ ओढायचात, मैदानावर ओढतात तशी. बाण नाही, अक्षर नाही. काठी टेकत आलेली म्हातारी माणसं मान खाली घालून त्या रेघेवरून चालायची आणि बरोबर खिडकीशी पोचायची. एका आजींनी मला विचारलं होतं, आज कचेरीत काय कार्यक्रम आहे का, रांगोळी घातलीय ती?

पाया खणताना जुन्या भिंतीच्या बुडाशी तुम्ही अख्खा चर एकदम कधीच मोकळा केला नाहीत. चार-पाच फूट खणायचं, तेवढं भरून घ्यायचं, मग पुढचं, तेही मध्ये जागा सोडून. भिंतीवर आधीपासून एक भेग होती. तिच्यावर तुम्ही बोटभर रुंद काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवलीत आणि पेन्सिलीने तारीख टाकलीत. म्हणालात, "भिंत हलली तर आधी काच बोलेल." तेव्हापासून कुलूप काढलं की मी पहिली काच बघायची, मग देवाचा फोटो. फेब्रुवारीत एका सकाळी ती तडकलेली दिसली. मी तुम्हाला हाक मारली आणि तुम्ही एका शब्दाने न विचारता खोदाई थांबवलीत, टेकू लावलेत, अभियंता साहेबांना बोलावून घेतलंत. चार दिवस काम बंद राहिलं. त्या चार दिवसांची मजुरी कोणाच्या खिशातून गेली हे मला नंतर कळलं. नव्या इमारतीची भिंत जुनीला न चिकटवता मध्ये फट का ठेवली, हेही तुम्हीच समजावून दिलंत. नवं बांधकाम अजून खाली बसणार, जुनं केव्हाच बसलेलं. जखडून ठेवलं तर एक दुसऱ्याला ओढणार.

वेल्डिंगचं तर मी तुम्हाला सांगायच्या आत तुम्हीच मशीन फाटकाशी नेलंत. २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलेलं मी टीव्हीवर पाहिलंय. तेव्हापासून ठिणगी दिसली की माझे हातपाय गार पडतात. तुम्ही लोखंडाचा एकेक तुकडा बाहेर जोडून, थंड करून, खांद्यावरून आत आणलात. माझ्या दाराशी वाळूच्या दोन बादल्या ठेवल्यात त्या अजून तिथेच आहेत.

एप्रिलच्या त्या रात्रीबद्दल आपण कधी बोललोच नाही. अर्धं छप्पर उतरवलेलं, सगळे रुमाल उरलेल्या अर्ध्याखाली रचून ठेवलेले. तुम्ही मागितलेल्या ताडपत्र्या ठेकेदाराकडून आल्याच नव्हत्या. रात्री वळीव कोसळला, वाऱ्याने उरलेली कौलंही सरकली. घरी मी अंथरुणात उठून बसले होते. उजाडताच धावत आले. कुलपासकट दार जसंच्या तसं, वरून मात्र निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या घट्ट ताणून बांधलेल्या, ठिगळं लावलेल्या. आत एकाही रुमालाला पाणी शिवलं नव्हतं. मी तुम्हाला शोधायला मागे गेले, तर कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने ओल्या गोधड्या वाळत होत्या आणि तुमच्या शेडवर नुसते बांबू उभे होते. तुमच्या माणसांची लहान पोरं चुलीजवळ अंग शेकत बसली होती. कोणाच्या तरी पणजोबाचा फेरफार कोरडा राहावा म्हणून ती पोरं भिजली. त्या दिवशी मला तुमच्याशी बोलता आलं नाही. चहा पाठवला एवढंच. आज म्हणते: मिस्त्री, त्या रात्रीचे उपकार फिटणारे नाहीत.

मग जुलै. लाडकी बहीण योजना अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि १ तारखेपासून अर्ज सुरू. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, सगळा तालुका लोटला. दुसऱ्या दिवशी मंगळवार, बाजार, वरून पाऊस. पोरांना कडेवर घेतलेल्या शेकडो बायका चिखलात उभ्या. तुमची सुट्टी होती, तरी तुम्ही आलात. नव्या हॉलकडे बोट करून म्हणालात, "खालचे टेकू शनिवारीच काढलेत, साहेबांनी तपासलंय. मोकळा करून देऊ?" तासाभरात सिमेंटच्या गोण्या एका बाजूला, जमिनीवर फळ्या, पाण्याचा पिंप, वायरवर दोन दिवे. फरशी नाही, गिलावा नाही, पण डोक्यावर छत होतं. कोपऱ्यात गोण्यांची छातीएवढी भिंत रचून तुम्ही तिच्यावर हिरवी जाळी दुहेरी टाकलीत. कोणाला काही सांगावं लागलं नाही. अंगावर पिणारी बाळं घेऊन बायका आपोआप तिकडे वळल्या. पुढे दोन-तीन दिवसांत कागदांच्या अटी सैल झाल्या आणि गर्दी ओसरली, पण त्या मंगळवारी एकही बाई पावसात उभी राहिली नाही.

रॅम्पच्या वेळी जागा वाचवायला तो आखूड करा, असं कोणी म्हणत होतं. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवीच, म्हणत तुम्ही ऐकलं नाहीत. आता व्हीलचेअरवरून येणारा माणूस कोणाचा हात न धरता खिडकीपर्यंत येतो.

एक गोष्ट मात्र तुम्ही माझ्यापासून लपवलीत. तुमच्या मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागत होता. वर्षभर तहसील कचेरीच्या अंगणात राहून तुम्ही स्वतःच्या तालुक्याला गेला नाहीत, दोन दिवसांची मजुरी बुडेल आणि काम अडेल म्हणून. हे मला तुमच्या हाताखालच्या पोराने सांगितलं, तुम्ही गेल्यावर. अहो, एकदा म्हणायचं होतं.

अर्ज 'आपले सरकार'वर कुठूनही भरता येतो. तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, रेशन कार्ड, तुमचं आधार आणि तुमचा एक फोटो, एवढं मोबाइलवर साफ दिसेल असं काढून मला पाठवा. माझा नंबर तुमच्याकडे आहे. त्याच संध्याकाळी भरते. लोकसेवा हक्क कायद्याने त्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. सोळावा उजाडला तर अपील कसं करायचं तेही मीच लिहून देईन.

वहिनींना आणि पोरांना नमस्कार, आशीर्वाद.

आपली,
अभिलेख कक्षातल्या बाई