मेंदूतल्या जंताचा शोध घरात घ्या

संपादक महोदय,

कुणाच्या मेंदूत जंताच्या गाठी निघाल्या की दोष कोबीला किंवा डुकराच्या मांसाला देऊन लोक मोकळे होतात. मांस न खाणारे निर्धास्त राहतात. हा समज घातक आहे.

‘टीनिया सोलियम’ या फितीसारख्या चपट्या जंताच्या गाठी असलेले डुकराचे मांस अर्धेकच्चे खाल्ले, तर आतड्यात दोन ते सात मीटर लांबीचा फीतकृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी येतात आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. शौचानंतर न धुतलेले हात, मैला मिसळलेले पाणी, त्या पाण्यावरची कच्ची भाजी, या वाटांनी ती कुणाच्याही पोटात जातात. खुद्द त्या माणसाच्याही. आतड्यात अंड्यातला भ्रूण बाहेर पडतो आणि रक्तावाटे मेंदू, स्नायू, डोळे गाठतो. कोबीतल्या हिरव्या अळीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

एमआरआयमध्ये पाण्याच्या बारीक फुग्यासारखी गाठ आणि तिच्या आत एक ठिपका दिसतो; तो ठिपका म्हणजे कृमीचे डोके. जिवंत गाठ वर्षानुवर्षे गप्प राहू शकते. ती मरायला लागली की भोवती सूज येते आणि फिट येते. म्हणून फिट आलेल्या माणसाला परस्पर जंताची गोळी देऊ नये. अल्बेंडाझोल, प्राझिक्वान्टेल ही जंताची औषधे मेंदूपर्यंत पोहोचतात. अनेक गाठी एकदम मरू लागल्या तर सुजेने जीवही जाऊ शकतो. आधी मेंदूचे स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी, मग स्टिरॉइडच्या आधाराने कृमीनाशक, हाच क्रम हवा. मेंदूला आधीच खूप सूज असेल तर कृमीनाशक देतच नाहीत. गाठ चुना धरून कडक झाली असेल तर कृमीनाशकाचा उपयोग नाही, फिटचे औषध मात्र चालू ठेवावे लागते.

एक गोष्ट हमखास राहून जाते. रुग्णावर उपचार होतात, पण अंडी टाकणारा माणूस त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात असू शकतो. घरातल्या सर्वांची, रुग्णाचीही, शौचतपासणी व्हावी. अंडी रोज पडत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावेत. शौचात कृमीचे पांढरे चपटे तुकडे दिसतात का, हे लाज न बाळगता विचारावे. कृमी सापडल्यास निक्लोसामाइड हे जंताचे औषध मिळत असेल तर डॉक्टर तेच पसंत करतात; ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे मेंदूत लपलेल्या गाठींना धक्का लागत नाही.

आपला,
एक वाचक